पोरीच्या दंडाला सुई लागण्याआधी

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी आलेल्या प्रश्नांपैकी काही सोबत घेतले आहेत.)



मला दिलेला विषय आहे ‘कुटुंबाचं लसीकरण आणि प्रतिबंधक आरोग्यसेवा’. ‘कुटुंबाचं’ म्हटलं की काम कुणाचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाळाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत जपायचं बाईनं. लसीकरणाच्या दिवशी खाडा करून अंगणवाडीत जायचं बाईनं. रात्री पोर तापलं, रडलं, तर मांडीवर घेऊन बसायचं बाईनं, आणि ‘कशाला टोचून आणलंस?’ हे सासूचं बोलणंही तिनंच ऐकायचं. कार्यक्रम सरकारचा, पण तो चालतो आपल्या पायांवर. आशाताई आणि नर्सबाई धरून म्हणते मी हे.

आणि त्या बाईची स्वतःची तपासणी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी तुमची कधी झाली आहे का? आयुष्यात एकदा तरी? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. म्हणून आज मी बोलणार आहे ते या एकाच आजाराबद्दल. याला लस आहे, याची तपासणी आहे, आणि वेळेत सापडला तर उपचारही आहे. तरीसुद्धा २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो नव्यानं झाला आणि जवळजवळ ८० हजार बायका त्यानं गेल्या.

बाळांच्या लसींबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचा थेंब आणि कावीळ ‘ब’ची लस. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा आणि सोबतच्या. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. पुढे दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर. यात आपण किती पुढं आलो ते मात्र विसरू नका. बाळाची नाळ विळ्यानं कापायची आणि वर शेण-राख लावायची, अशी बाळंतपणं आपल्यातल्या वयस्कर बायांनी पाहिलेली आहेत. सहाव्या-सातव्या दिवशी बाळाचा जबडा मिटायचा, ते दूध ओढेनासं व्हायचं, आणि लोक म्हणायचे बाहेरचं झालं, सटवीनं नेलं. तो धनुर्वात होता. गरोदरपणातली दोन इंजेक्शनं आणि नाळ कापायला स्वच्छ पातं, एवढ्यानं तो मागे हटला. २०१५ साली माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. म्हणजे सुई बाईपर्यंत नीट पोचली तर काय होतं, ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता मूळ विषयाकडे येते. गर्भाशयाचं तोंड म्हणजे पिशवीचा खालचा, योनीत उघडणारा भाग. तिथल्या कॅन्सरचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एक विषाणू असतो. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, आपण एचपीव्ही म्हणू. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन सगळ्यांत वाईट, दहापैकी निदान सात कॅन्सर या दोघांमुळे होतात. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक बायकांना आणि पुरुषांना तो कधी ना कधी लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो. थोड्या बायकांत तो मुक्काम ठोकतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात आणि कॅन्सर व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं जातात.

ही वीस वर्षं लक्षात ठेवा. एवढा अवधी बाईला दुसरा कुठला आजार देतो? एवढ्या काळात एकदा-दोनदा जरी कुणी आत डोकावून पाहिलं, तरी ती वाचते. तपासणीही काही मोठी नाही. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड, पाणी घालून पातळ केलेलं, कापसाच्या बोळ्यानं गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तो गोठवून किंवा उष्णता देऊन काढता येतो, पिशवी काढावी लागत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करावी, असं लिहिलेलं आहे. कागदावर आहे, म्हणजे मागता येतं.

आणि आपल्याकडे प्रत्यक्षात काय झालं? बीडचं तुम्हाला माहीत आहे. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, पाळी जास्त जातेय म्हणून ऊसतोडीची बाई खाजगी दवाखान्यात जाते. तिला सांगतात, ‘पिशवी खराब झालीय. काढली नाही तर कॅन्सर होईल.’ ती उचल घेते, कर्ज काढते आणि पिशवी काढून घेते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोडणी बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा! देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गानं होतं, गोळ्यांनी बरं होतं. कॅन्सरचं नाव घेऊन पिशवी काढायला हजारो रुपये निघाले. कॅन्सर आहे की नाही ते पाहायला कापसाचा बोळा आणि मिनिटभर वेळ लागतो, तो त्यातल्या किती जणींना मिळाला असेल? मुकादमाला पाळीच्या दिवसांचा खाडा नको असतो आणि दवाखान्याला ऑपरेशन हवं असतं. कॅन्सरची भीती दोघांच्याही कामी येते.

याच मराठवाड्यातली दुसरी गोष्ट सांगते, कारण ती फार कमी बायकांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची देशातली पहिली नोंदवही १९८७ साली तिथंच सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात घेतल्या. काहींची एचपीव्हीची तपासणी केली, काहींची पॅपची, काहींची ॲसिटिक ॲसिडची, आणि चौथ्या गटाला नेहमी मिळते तेवढीच सेवा. निकाल २००९ साली छापून आला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. चौथ्या गटात ६४. गट जवळपास सारखेच मोठे होते, म्हणजे मृत्यू निम्म्यावर आले. पुढं जगभर एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरला गेला, त्याच्या पायात आपल्या धाराशिवच्या बायका आहेत.

पण त्या चौथ्या गटाचं काय? त्या ३१ हजार बायकांची तपासणी झाली नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. मुंबईच्या वस्त्यांतही असाच अभ्यास झाला, तिथंही एका गटाला तपासणी नव्हती. तपासणीचा उपयोग होतो हे माहीत असताना एका गटातल्या बायकांना बाजूला ठेवणं योग्य होतं का, आणि त्यांना हे नीट सांगितलं होतं का, यावर देशात आणि बाहेरही मोठे आक्षेप घेतले गेले. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं की सरकारी सेवेत तेव्हा कुणालाच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाचं काही काढून घेतलं नाही. मला हे उत्तर पटत नाही. बाईला काहीच मिळत नाही, म्हणून तिला काही न देण्याचा अभ्यास करता येतो, असा त्याचा अर्थ होतो. आकडे मात्र मी वापरणार, कारण ते बायकांच्या जिवावर मिळालेले आहेत आणि ते न वापरणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

आता लस. एचपीव्हीची लस जगात २००६ साली आली, भारतात २००८ साली परवाना मिळाला. ती विषाणू लागायच्या आधी द्यायची असते, म्हणून ९ ते १४ वयाच्या मुलींना. एकदा विषाणू मुक्कामाला आला की लस त्याला हाकलत नाही. तेव्हा लस पोरीची आणि तपासणी आईची, असं साधं गणित धरा. लस घेतलेल्या पोरीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच, कारण लसीत सगळे प्रकार येत नाहीत.

लस म्हटलं की चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींच्या कपाळाला आठी पडते, आणि त्याला कारणं आहेत. १९८५ साली हैदराबादजवळ पाटणचेरूच्या आरोग्य केंद्रात बायकांना नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन दिलं जात होतं. हा प्रयोग आहे, हे त्या बायकांना सांगितलेलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटना, सहेली अशा गटांनी ते उघडं पाडलं आणि १९८६ साली सुप्रीम कोर्टात धाव घेतली. नव्वदच्या दशकात तर गर्भनिरोधक लसच येऊ घातली होती, तिच्याविरुद्ध जगभरच्या बायकांनी मोहीम केली. त्यामुळे ‘तुमच्या भल्यासाठी टोचतोय’ हे वाक्य आपण सहजी गिळत नाही. गिळूही नये.

आणि मग खम्मम झालं. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वयाच्या २०-२५ हजार मुलींना ही लस देण्यात आली. प्रकल्प पाथ या अमेरिकन संस्थेचा, सोबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारं. खम्ममच्या मुली कोण? पुष्कळशा आदिवासी, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. दिल्लीच्या ‘समा’ गटाच्या मैत्रिणी २०१० च्या मार्चमध्ये भद्राचलमला जाऊन मुलींशी, आईबापांशी बोलून आल्या. बायकांच्या आणि आरोग्याच्या संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं प्रकल्प थांबवला.

चौकशीत काय निघालं, ते दोन भागांत ऐका, कारण दोन्ही खरे आहेत. पहिला भाग मृत्यूंचा. दोन्ही राज्यांत मिळून सात मुली गेल्या. कुणी बुडून गेली, कुणी साप चावून, कुणी कीटकनाशक पिऊन, कुणी तापानं. चौकशी समितीनं म्हटलं की लसीशी त्यांचा संबंध दिसत नाही. आज जगभर ही लस कोट्यवधी मुलींना देऊन झाली आहे. दंड दुखणं, थोडा ताप, कधी चक्कर, हे तिचे नेहमीचे त्रास. मुली घाबरूनही पडतात, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. तेव्हा ‘लसीनं सात पोरी मेल्या’ असं आपल्या पत्रकांत यापुढं कुणी लिहू नये.

दुसरा भाग संमतीचा. खम्ममकडची ९,५४३ संमतीपत्रं तपासली. त्यातल्या २,७६३ पत्रांवर सही वसतिगृहाच्या वॉर्डनची होती. १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे. वॉर्डन कोण लागून गेला? पोरगी आजारी पडली तर दिवसरात्र तिच्या उशाशी तो बसणार आहे का? संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात यावर फार कडक शब्दांत लिहिलं. टोचल्यावर मुलींना काही त्रास झाला तर त्याची नोंद कुठं, उपचार कुठं, त्याचीही धड सोय नव्हती. म्हणजे औषध चांगलं आणि टोचण्याची रीत वाईट, असं एकाच वेळी असू शकतं. औषध चांगलं निघालं म्हणून रीत चांगली ठरत नाही. रीत वाईट होती म्हणून औषधही विष होत नाही. आपल्या बैठकांत ही दोन टोकं फार ऐकू येतात आणि दोन्हींत पोरीला कुणी विचारत नाही.

या सगळ्यात एक विचित्र गोष्ट घडली. त्याच सुमाराला देशात नऊ ठिकाणी एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात का तीन लागतात ते पाहणारा. त्यात बार्शी आणि पुणंही होतं. खम्ममच्या गदारोळात त्याचंही टोचणं एप्रिल २०१० ला थांबलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, आणि २०२१ साली निष्कर्ष आला की १६ आणि १८ नंबरच्या विषाणूचा मुक्काम रोखायला एक डोससुद्धा तीन डोसांइतकाच उपयोगी पडतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं. गरीब देशांच्या दृष्टीनं खर्च एकदम कमी झाला. आपल्या आंदोलनाचं हे श्रेय आहे, असं मी म्हणणार नाही, तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण ‘तुमच्या ओरड्यानं नुकसानच झालं’ असं जेव्हा आपल्याला ऐकवतात, तेव्हा ही गोष्टही सांगत चला.

पुढचं तुम्ही वाचलेलंच असेल. सिक्कीमनं २०१८ साली शाळाशाळांतून ही लस राज्यभर दिली. २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस आली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ, असं सरकारनं सांगितलं. तुमच्या आरोग्य केंद्रात ती मिळते का, कोणत्या वयाला, फुकट की कसं, हे नर्सबाईंना जाऊन विचारा. खाजगीत पैसे मोजणाऱ्या घरांतल्या मुली लस घेतातच. खर्च न झेपणाऱ्या पोरी मागे राहता कामा नयेत, म्हणून सरकारी केंद्रातून फुकट लस हवी. ती मागणी माझी आहे आणि आपल्या संघटनेचीही असावी असं मला वाटतं.

गावात बोलताना अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. ‘शरीरसंबंधातून’ म्हटलं की बाप म्हणतो, माझी पोर तसली नाही. आई म्हणते, आत्तापासून टोचलं तर तिला मोकळीकच दिल्यासारखं होईल. त्यांना सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी गंजक्या खिळ्यावर नाचायला जात नाही. आणि ज्या बाईनं आयुष्यात एकच पुरुष पाहिला, तो नवरा, तिलाही हा कॅन्सर होतो. विषाणू तिच्याकडे आला कसा? हा प्रश्न गावच्या सभेत विचारून पाहा, पुढच्या रांगेतले पुरुष माना खाली घालतात. हा विषाणू पुरुषांतही असतो, त्यांनाही काही कॅन्सर देतो, पुष्कळ देशांत मुलांनाही ही लस देतात. तेव्हा हा ‘वाईट चालीच्या बायकांचा’ रोग, असा शिक्का आपल्या तोंडून चुकूनही पडू नये. तो शिक्का पडला की कुठली बाई तपासणीच्या टेबलावर चढेल?

आणखी एक. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हे त्याच पाहणीत आहे. कोवळ्या वयात शरीरसंबंध आणि पाठोपाठ बाळंतपणं, याच्यानं या कॅन्सरचा धोका वाढतो. लग्न लांबवणं हीसुद्धा प्रतिबंधक आरोग्यसेवाच आहे, पण ती कुठल्या कार्डावर छापलेली नसते.

संमतीचं म्हणाल तर मी शाळेत असं करायला सांगते. फॉर्म मराठीत हवा, आणि जिथं घरात गोंडी, भिली, पारधी बोलतात तिथं तो वाचून, त्या बोलीत समजावून सांगायला हवा. आईला एक दिवस आधी बोलवा, तेही संध्याकाळी, ती कामावरून आल्यावर. पोरीला वेगळं विचारा. बारा वर्षांच्या पोरीला कळतं. सहीपुरती ती लहान, आणि लग्नापुरती मोठी, हे कसं काय? ‘नको’ म्हणालेल्या पोरीचं नाव फळ्यावर लिहायचं नाही. आणि त्रास झाला तर कुणाला फोन करायचा तो नंबर आईच्या हातात द्यायचा.

प्रश्न : तपासणीला बायका लाजतात. काय करायचं?

लाजतात हे खरं, पण मला वाटतं लाजेपेक्षा तिथं मिळणाऱ्या वागणुकीला जास्त घाबरतात. पडदा नसतो, दार उघडं असतं, ‘पाय फाक, नाटकं करू नको’ असं ऐकावं लागतं. आपल्यातल्या दोघी-तिघींनी आधी आपली तपासणी करून घ्यावी आणि मग बाकीच्यांना सोबत न्यावं. पडदा नसेल तर घरून चादर न्या आणि आरोग्य केंद्राच्या बैठकीत पडद्याची मागणी लेखी द्या. एचपीव्हीच्या तपासणीत तर बाई स्वतःच मऊ ब्रश घालून नमुना घेऊ शकते, कुणापुढं पाय उघडायची गरज नाही. ही सोय जिल्ह्यात यावी म्हणून आपण मागे लागायला हवं. आणि एक बघा, तपासणीत काही निघालं तर पुढं कुठं पाठवणार, हे आधी विचारल्याशिवाय शिबिर भरवू नका. नुसतं ‘तुला डाग आहे’ सांगून घरी पाठवलेली बाई दुसऱ्या दिवशी पिशवी काढणाऱ्याच्या दारात उभी राहते.

प्रश्न : माझी पिशवी पाच वर्षांपूर्वी काढली. मला तपासणी लागेल का?

ऑपरेशनचा कागद आहे का तुमच्याकडे? गर्भाशयाबरोबर त्याचं तोंडही काढलं असेल, आणि काढायचं कारण कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था नसेल, तर सहसा लागत नाही. काही वेळा तोंड तसंच ठेवतात, मग लागते. कागद नसेल तर दवाखान्यात जाऊन मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यांनी दिला नाही, तर सरकारी दवाखान्यात आत तपासून डॉक्टरांना लगेच कळतं. आपल्यापैकी ज्यांच्याकडे हा कागद नाही, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नावं द्या, एकत्रच जाऊ.